‘आमच्या बापा’ : अल्गॉन्कियन व इरोक्वॉय लोक आणि त्यांच्या भाषा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां आपल्या देवळाचा इतिहास सांगावा असें प्रथम आमच्या मनांत आलें. परंतु तो इतिहास ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला अशीं वडीलधारीं माणसें येथें समोरच बसलीं आहेत. त्यांच्यापुढें आम्हीं तो सांगणें म्हणजे आजोबांस त्यांच्याच लग्नाची हकीकत ऐकविण्यासारखें होईल. म्हणून आज आम्ही तुम्हांस फार दूरच्या एका देवळांत नेणार आहों.

कॅनडा देशांत माँट्रियल शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीच्या तीरावर काहनवाके नांवाचें गांव आहे. तेथील देवळाचे आश्रयदाते संत कोण, तर संत फ्रान्सिस झेवियर! ज्यांच्या पवित्र शवाचें दर्शन घेण्याकरितां आपले वाडवडील जुन्या गोव्यास जात आले, तेच संत त्या बर्फाळ मुलखांतल्या देवळाचेहि धनी आहेत. त्या देवळांत एका मुलीची संगमरवरी कबर आहे. तिचें नांव कातेरी तेकाक्विथा. तिची आई अल्गॉन्किन जमातीची होती आणि बाप मोहॉक, म्हणजे इरोक्वॉय लोकांपैकीं होता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं ता. २१ ऑक्टोबर २०१२ रोजीं तिची गणना संतांत केली. कॅनडा व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या दोन देशांच्या मूळ रहिवाशांपैकीं संतपद पावलेली ही पहिलीच व्यक्ति होय.

परंतु आजचा आमचा विषय ही संत नव्हे. तिचे आईबाप ज्या दोन भाषाकुळांतले, ते लोक, त्यांची राहणी आणि विशेषेंकरून त्यांच्या भाषा, हा आमचा विषय आहे. त्या भाषांच्या कथेंत आपल्या ख्रिस्तसभेचा हात आहे. एका हातानें तिनें त्या लिहून ठेविल्या आणि दुसऱ्या हातानें त्या मुलांच्या ओठांवरून पुसल्या. यांतली एकच गोष्ट सांगावी आणि दुसरी झांकावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं; मग दिवस महोत्सवाचा कां असेना.

प्रथम नांवांचा घोळ काढून टाकूं. इ. स. १४९२ मध्यें कोलंबस पलीकडच्या किनाऱ्यास लागला, तेव्हां आपण हिंदुस्थानच्या आसपास आलों अशी त्याची समजूत झाली, आणि तेथील लोक ‘इंडियन’ ठरले. चूक आपल्याच देशाच्या नांवाची असल्यामुळें आपणांस तिचें थोडें हंसूं येतें. पण चारशें-पांचशें वर्षें दुसऱ्याचें नांव अंगावर वागविणाऱ्यांस हंसूं येण्याचें कारण नाहीं. पुढचीं नांवेंहि अशींच. ‘मोहॉक’ हा शब्द त्यांच्या अल्गॉन्कियन वैऱ्यांचा, आणि त्याचा अर्थ माणसें खाणारे! ते स्वतःस ‘कानिएनकेहागा’, म्हणजे गारगोटीच्या मुलखांतले लोक, म्हणवितात. ‘हुरॉन’ हें फ्रेंचांनीं ठेविलेलें टोपणनांव; त्या लोकांचें खरें नांव वेंडट. इरोक्वॉय संघाचें स्वतःचें नांव ‘हौदेनोसौनी’, म्हणजे लांब घराचे लोक. आणि खुद्द ‘कॅनडा’ हें नांव? झाक कार्तिये हा फ्रेंच खलाशी १५३५ मध्यें सेंट लॉरेन्स नदींतून वर गेला, तेव्हां त्याच्याबरोबरच्या दोघां स्थानिक तरुणांनीं ‘कनाटा’कडे जाणारी वाट दाखविली. कनाटा म्हणजे गांव, खेडें. एवढ्या अफाट देशाचें नांव असें एका इरोक्वॉयी शब्दावरून पडलें.

अल्गॉन्कियन आणि इरोक्वॉयी हीं दोन भिन्न कुळें आहेत, हें ध्यानांत ठेवावें. मराठी आणि कानडी शेजारी नांदतात, एकमेकींचे शब्द उसने घेतात, तरी एकीचा सांगाडा आर्य आणि दुसरीचा द्राविड. तसाच हा प्रकार. अल्गॉन्कियन कुळ फार पसरलेलें. ॲटलांटिक किनाऱ्यावरचे मिकमॅक आणि अबेनाकी, उत्तरेचे इन्नू आणि क्री, मोठ्या सरोवरांभोंवतालचे ओजिब्वे, आणि थेट रॉकी पर्वताच्या पायथ्याचे ब्लॅकफूट, हे सर्व त्या कुळांतले. इरोक्वॉयी कुळाचा मुलूख त्या मानानें लहान. वेंडट, मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका हे सरोवरांच्या प्रदेशांत, आणि दूर दक्षिणेस चेरोकी.

राहणींतहि भेद होता. उत्तरेकडचे अल्गॉन्कियन लोक अरण्याचे व पाण्याचे. भूर्जाच्या जातीच्या झाडाची साल सांधून ते होडी करीत. ती इतकी हलकी कीं धबधबा आडवा आला म्हणजे खांद्यावर घेऊन चालूं लागावें, आणि पलीकडे पुन्हां पाण्यांत सोडावी. उन्हाळ्यांत नदीकांठीं मोठा मेळावा जमे. हिवाळ्यांत चार-दोन कुटुंबें मिळून रानांत शिकारीस जात. त्यांची मुख्य शिकार म्हणजे मूस नांवाचें सांबराच्या जातीचें, पण त्याहून पुष्कळ थोराड असें जनावर. बर्फ खोल पडला म्हणजे त्याचे पाय रुततात आणि पायांस जाळीच्या चपला बांधलेला शिकारी त्यास गांठतो. बर्फ कमी पडला तर जनावर निसटतें आणि माणसें उपाशी मरतात. आपण पाऊस कमी पडला म्हणून रडतों, ते लोक बर्फ कमी पडला म्हणून रडत. ओजिब्वे लोक हिवाळा सरतां सरतां मेपल झाडास खांच पाडून, आपण ताडामाडास मडकें बांधतों तशीं भांडीं लावून, गोड रस धरीत आणि तो आटवून साखर करीत. तळ्यांतलें रानटी धान्यहि ते होडींत बसूनच झोडून घेत.

इरोक्वॉयी लोक शेतकरी होते. त्यांचें घर म्हणजे एल्म झाडाच्या सालींनीं शाकारलेली शंभर फुटांची, कधीं त्याहूनहि लांब, ओसरीच म्हणा ना! मधोमध चुलींची रांग, आणि प्रत्येक चुलीच्या दोहों बाजूंस एकेक कुटुंब. त्या घराची मालकी बायकांची. लग्न झालें कीं नवरा बायकोच्या घरीं राहावयास येई. मुलांचें कुळ आईचें. कासव, लांडगा, अस्वल अशीं त्या कुळांचीं नांवें. जमातीचा नायक पुरुष असे खरा, पण त्यास निवडी कुळांतील वडील स्त्री. आणि तो बहकला तर तीच त्याची नायकी काढून घेई. (समोरच्या बाजूस भगिनीवर्गांत चुळबुळ झालेली आम्हांस दिसते आहे. तरी आम्ही पुढें जातों.) शेतीहि बायकाच करीत. मका, घेवडा आणि भोपळा हीं तीन पिकें त्या एकाच आळ्यांत लावीत आणि त्यांस ‘तीन बहिणी’ म्हणत. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, भोपळ्याचीं पानें खालची जमीन झांकून ओल राखतात. आपल्या परसांतहि या तिघी आहेत, आणि त्या तिघी अमेरिकेंतूनच समुद्रमार्गें आपल्याकडे आल्या.

युरोपियन लोक येण्यापूर्वींच पांच इरोक्वॉय राष्ट्रांनीं आपसांतील खुनाचे सूड थांबवून एक संघ केला होता. १७२२ च्या सुमारास टस्कारोरा येऊन मिळाले आणि पांचांचे सहा झाले. या संघाची एक रीत आम्हांस फार हृद्य वाटते. नायक मेला म्हणजे नवा नेमण्यापूर्वीं दुसऱ्या बाजूचे लोक दुःखितांकडे येतात आणि शंखशिंपल्यांच्या मण्यांची एकेक माळ देत म्हणतात कीं, हिनें आम्ही तुमचे अश्रु पुसतों, हिनें तुमचे कान मोकळे करतों, हिनें तुमचा दाटलेला कंठ मोकळा करतों. रडणारा माणूस पाहूं, ऐकूं व बोलूं लागेपर्यंत राज्यकारभाराची गोष्ट काढावयाची नाहीं.

आतां भाषांकडे वळूं. आम्हांस खरी गोडी तेथेंच आहे.

मोहॉक आणि वेंडट या भाषांत ओठ मिटून उच्चारावयाचे वर्णच नाहींत. प, फ, ब, भ, म हा आपला सबंध पवर्ग त्यांस ठाऊक नाहीं. बोलतांना तोंड मिटावयाचें हीच कल्पना त्यांस चमत्कारिक वाटे. मग आपल्या पवित्र मातेचें नांव ते कसें घेणार? फ्रेंचांनीं ‘मारी’ म्हणून शिकविलें. मोहॉक मुखांत तें ‘वारी’ झालें. मराठी माणसाच्या कानास हें नांव परकें वाटूं नये!

अल्गॉन्कियन भाषांत पुल्लिंग-स्त्रीलिंग नाहीं. तेथें नामांचे दोन वर्ग : सजीव आणि निर्जीव. परंतु सजीव कोण, हें आपल्या शास्त्रपुस्तकावरून ठरत नाहीं. ओजिब्वे भाषेंत दगड सजीव, तंबाखूची चिलीम सजीव, स्वयंपाकाचा हंडा सजीव. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव! महाबळेश्वरास दोन्ही एकाच टोपलींत मिळतात, पण ओजिब्वे बाजारकरणीस त्यांची क्रियापदें निराळीं वापरावीं लागतील. याचें हंसूं येण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहावें. दगड पुरुष, शिळा बाई, आणि खडपाचें कोणी कांहीं विचारूं नये.

इरोक्वॉयी भाषेंत क्रियापद हा राजा. नाम त्याच्या पोटांत शिरतें, कोण कोणास करतो हेंहि त्यांतच येतें, आणि आपण ज्यास वाक्य म्हणतों तें त्यांचा एक शब्द असतो. नात्याचीं नांवेंहि तशींच. ‘बाप’ असा सुटा शब्द बोलतांच येत नाहीं. माझा बाप, तुझा बाप, त्यांचा बाप, असें कोणाचें तरी नातें त्यास चिकटलेलेंच असतें.

या एका व्याकरणाच्या नियमावर फादर झां द ब्रेबफ अडले. ते जेज्विट संघाचे, जन्म १५९३ चा, देह थोराड. १६२५ मध्यें ते कॅनडांत आले आणि पुढच्याच वर्षीं वेंडट मुलखांत गेले. होडीचा प्रवास सुमारें आठशें मैलांचा, जागोजागीं होडी खांद्यावर घेऊन चालावयाचें. तुम्ही फ्रान्सांत केवढेहि मोठे पंडित असा, येथें तुम्ही शिष्य, आणि तुमचे गुरु कोण तर बायका आणि लहान मुलें, असें त्यांनीं मागाहून येणाऱ्या धर्मगुरूंस बजावलें. १६३७ मध्यें त्यांनीं सूचनांची एक यादीच केली : होडींत चढतांना वाळू आंत आणूं नये, होडीवाल्यांस खोळंबवूं नये, त्यांची मक्याची पेज, ती कशीहि असो, खावी, फार प्रश्न विचारून भंडावूं नये, आणि मोठी टोपी घालून मागच्याची नजर अडवूं नये. मिशनकार्यावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. पण टोपीची ही सूचना ज्यास सुचली तो माणूस दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकला होता, असें आम्हांस वाटतें.

आतां त्यांची अडचण पाहा. क्रूसाची खूण शिकवावयाची आहे : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नांवानें. पण ‘पिता’ असें नुसतें म्हणतां येत नाहीं! तेव्हां ब्रेबफ यांनीं आपल्या वरिष्ठांस १६३६ च्या वृत्तांतांत विचारलें कीं, ‘आमचा पिता, त्याचा पुत्र आणि त्यांचा पवित्र आत्मा’ असें म्हणूं दिलें तर चालेल काय? देवशास्त्राच्या पंडितांनीं ज्यावर शतकें घालविलीं, तो त्रैक्याचा परस्परसंबंध वेंडट व्याकरणानें प्रत्ययांतच मागितला.

त्याहून नाजूक अडचण पुढें आली. वेंडट लोकांत मृताचें नांव काढणें हा त्याच्या माणसांचा अपमान. ज्याचा बाप नुकताच वारला आहे त्यास ‘स्वर्गांतला आमचा बाप’ असें शिकवूं जावें, तर त्याच्या जखमेवर बोट पडे. एका स्त्रीची आई मरून थोडेच दिवस झाले होते. तिला कोणी अनवधानानें आईबापांस मान देण्याची आज्ञा म्हणून दाखविली, तेव्हां बाप्तिस्मा घेण्यावरून तिचें मनच उडूं लागलें. ब्रेबफ यांनीं ही हकीकत लपविली नाहीं, लिहून ठेविली. तिचा दोष नव्हता, आज्ञेचाहि नव्हता. ज्यास त्या घरचें दुःख माहीत नाहीं त्याच्या तोंडीं चांगला शब्दहि घाव होतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मराठी माणसास समजावून सांगावी लागत नाहीं, हें आमचें भाग्य. इंग्रज ‘वी’ म्हणतो तेव्हां ऐकणारा त्यांत आहे कीं नाहीं, हें त्याच्या शब्दावरून कळत नाहीं. आपण मराठी लोक ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द ठेवितों. ‘आम्ही जेवावयास जातों’ म्हटलें कीं पाहुण्यानें बसून राहावें. ‘आपण जेवावयास जाऊं’ म्हटलें कीं त्यानें उठावें. अल्गॉन्कियन भाषांत हाच भेद आहे, आणि मोहॉक भाषेंत तर दोघे आणि अनेक असाहि भेद करून ‘आम्ही-आपण’चीं चार रूपें होतात. क्री भाषेंत ‘नोह्तावीनान’ म्हणजे आमचा बाप आणि ‘कोह्तावीनाव’ म्हणजे आपला, तुमचा-आमचा, बाप. प्रार्थनेंत कोणतें घालावें? देवाशीं बोलतांना देव स्वतः त्या ‘आम्हां’त मोडत नाहीं, म्हणून ‘नोह्तावीनान’. आपणहि ‘आमच्या बापा’ म्हणतों, ‘आपल्या बापा’ म्हणत नाहीं, आणि लहानपणापासून म्हणत असूनहि कां तें कोणास विचारीत नाहीं. पण तोच उपदेशक लोकांकडे तोंड करून बापाविषयीं बोलूं लागला कीं त्यास निवड करावी लागते. ‘आमचा’ म्हणाला तर तो ऐकणाऱ्यास दाराबाहेर ठेवितो. ‘आपला’ म्हणाला तर आंत घेतो. त्या मुलखांत पुढें जें घडलें त्याचा विचार करतांना हे दोन शब्द आमच्या मनांतून जात नाहींत.

ब्रेबफ यांच्या कार्याचा शेवट दुःखाचा झाला. १६३४ पासून साथीमागून साथी आल्या, आणि १६३९ मध्यें देवीनें कहर केला. सहा-सात वर्षांत निम्मे वेंडट लोक मेले. जेथें काळे झगे जातात तेथें मरण जातें, असें लोक म्हणूं लागले. त्यांच्या डोळ्यांपुढें जें दिसत होतें त्यावरून तें म्हणणें अगदींच वेडगळ नव्हतें, कारण तो रोग खरोखरच युरोपांतून आला होता. त्यांत बीव्हरच्या कातड्याच्या व्यापारासाठीं लढाया. फ्रेंच हे वेंडट व अल्गॉन्किन यांच्या बाजूस, तर इरोक्वॉयांच्या हातीं डच व्यापाऱ्यांकडून मिळालेल्या बंदुका. ता. १६ मार्च १६४९ रोजीं इरोक्वॉयांनीं ब्रेबफ यांचा हाल हाल करून वध केला. त्याच वर्षीं वेंडट गांवें उजाड झालीं. कांहीं लोक क्वीबेकजवळ जाऊन राहिले, कांहीं पश्चिमेस गेले, पुष्कळसे इरोक्वॉयांतच मिसळले. १९३० मध्यें ब्रेबफ यांस संतपद मिळालें. परंतु मारणारे राक्षस होते अशी समजूत कोणी करून घेऊं नये. त्यांच्याच लांब घरांत १६५६ मध्यें कातेरीचा जन्म झाला. तिची ख्रिस्ती आई अल्गॉन्किनांतून धरून आणलेली होती. देवीच्या साथींत आई, बाप आणि भाऊ गेले; पोरीचा चेहरा व्रणांनीं भरला, डोळे अधू झाले. १६७६ च्या ईस्टरला तिचा बाप्तिस्मा झाला, पुढच्या वर्षीं ती काहनवाकेच्या मिशनांत आली आणि १६८० मध्यें, चोविसाव्या वर्षीं, वारली. आईच्या आणि बापाच्या लोकांचें वैर तिच्या घरींच संपलें होतें.

लिपीविषयीं एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. १८४० मध्यें जेम्स एव्हान्स नांवाच्या मेथडिस्ट उपदेशकानें उत्तरेकडील नॉर्वे हाउस येथें क्री भाषेसाठीं नवीन लिपि छापली. चहाच्या पेट्यांच्या अस्तराचें शिसें वितळवून त्यानें टाइप ओतले. त्रिकोणी चिन्हाचें टोंक खालीं केलें कीं ‘पे’, वर केलें कीं ‘पि’, उजवीकडे ‘पो’, डावीकडे ‘प’. म्हणजे आपली बाराखडीच, फक्त काना-मात्रा देण्याऐवजीं अक्षरच फिरवावयाचें! या लिपीच्या घडणींत लघुलिपीबरोबर देवनागरीचाहि हात असावा, असें कित्येक लिपिपंडितांचें मत आहे. क्री लोकांची परंपरा मात्र म्हणते कीं हीं अक्षरें त्यांच्यांतल्याच एका पुरुषास परलोकांतून मिळालीं. कसेंहि असो, तीं वणव्यासारखीं पसरलीं. तळ्याकांठच्या तळांवर एक दुसऱ्यास शिकवी, शाळा लागली नाहीं. आपल्या कॅथलिक मिशनऱ्यांनींहि पुढें त्याच लिपींत प्रार्थनापुस्तकें छापलीं.

आतां दुसऱ्या हाताची गोष्ट.

तिची पहिली खूण फार लवकर दिसली होती. १६२० मध्यें रेकोलेक्ट संघाच्या धर्मगुरूंनीं इन्नू जमातीचा पास्तेदेशुआं नांवाचा मुलगा फ्रान्सांत नेला. अँजे शहरीं त्याचा बाप्तिस्मा झाला, पिएर हें नांव मिळालें, लॅटिन व फ्रेंच त्यास येऊं लागलें. पांच वर्षांनीं त्यास परत पाठविलें, तेव्हां तो आपली भाषा विसरत चालला होता, आणि जावयासहि राजी नव्हता. भाषा पुन्हां आली, पण शिकार आली नाहीं. ती ज्या वयांत शिकावयाची तें वय फ्रान्सांत गेलें होतें. फादर पॉल ल झेन यांस त्यानें कांहीं काळ इन्नू भाषा शिकविली, आणि १६३३-३४ चा हिवाळा ल झेन यांनीं त्याच्याच भावांबरोबर रानांत काढला. बर्फ कमी, म्हणून उपासमार. झोपडींत धूर इतका कीं तोंड जमिनीस लावून पडावें तेव्हां श्वास मिळे. तेथल्या मांत्रिकानें शिकवितां शिकवितां त्यांच्या वहींत घाणेरडे शब्दहि घुसविले, आणि हे ते प्रामाणिकपणें उपदेशांत वापरीत! ल झेन यांनीं हें स्वतःच लिहिलें आहे. पण पिएर? तो ना फ्रेंचांचा राहिला ना स्वतःच्यांचा. १६३६ मध्यें तो अरण्यांत भुकेनें मेला. ज्या रानांत त्याचे भाऊ पोट भरीत, त्याच रानांत.

अडीचशें वर्षांनीं हीच गोष्ट सरकारनें कायद्यानें केली. कॅनडा सरकारनें वसतिशाळा काढल्या आणि त्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातीं दिल्या. अर्ध्याहून अधिक शाळा आपल्या कॅथलिक संघांकडे होत्या. सुमारें दीड लाख मुलें घरांतून नेण्यांत आलीं. केस कापले, नांवें बदललीं, आणि आईची भाषा बोललें कीं मार. हजारों मुलें परत आलींच नाहींत. शेवटची शाळा १९९० नंतरच्या दशकांत बंद झाली; चौकशी आयोगाचा अहवाल २०१५ मध्यें आला. ज्या संघांतील पूर्वीच्या माणसांनीं मुलांस गुरु मानून कोश लिहिले, त्याच ख्रिस्तसभेच्या माणसांनीं मुलांच्या तोंडावर हात ठेविला. तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनीं ता. २५ जुलै २०२२ रोजीं मास्क्वाचीस येथें, क्री लोकांच्या भूमीवर जाऊन, क्षमा मागितली. आजारी, चाकाच्या खुर्चींत बसलेले ते वृद्ध गृहस्थ, आणि समोर वृद्ध झालेलीं तीं मुलें!

बंधुभगिनींनो, ही गोष्ट केवळ परमुलखाची नव्हे. गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचलें आणि १६१६ मध्यें तें राशोल येथें छापलें; आणि त्याच गोव्यांत १६८४ मध्यें, धर्मगुरूंपैकींच कांहींच्या आग्रहावरून, लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम निघाला. ख्रिस्तपुराणाच्या त्या मूळ छापील आवृत्तीची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तें पुराण लोकांनीं हातानें उतरून घेतलें म्हणून राहिलें. आणि या सभेंतहि असे पुष्कळ आहेत, ज्यांनीं कोठल्या तरी शाळेंत मधल्या सुटींत आपल्या वाडीची बोली बोलल्याबद्दल आण्या-दोन आण्यांचा दंड भरला आहे. आम्हीहि त्यांतलेच. चिमुकला दंड, पण घरीं आईनें हांक मारली तेव्हां ओ देतांना आम्ही क्षणभर अडखळलों होतों, तें आठवतें.

वेंडट भाषा बोलणारें शेवटचें माणूस क्वीबेककडे एकोणिसाव्या शतकांतच गेलें. परंतु जेज्विटांचे कोश व व्याकरणें जुन्या कपाटांत होतीं. डेट्रॉइट येथें अठराव्या शतकांत फादर पिएर पोतिए यांनीं लिहिलेलें व्याकरण होतें. दक्षिणेस ओक्लाहोमांत गेलेल्या वायंडॉट वृद्धांच्या तोंडून १९११-१२ मध्यें मारियस बार्बो या संशोधकानें टिपून घेतलेल्या कथा होत्या. २००७ मध्यें वेंडट लोकांच्या मंडळानें लाव्हाल विद्यापीठाच्या साहाय्यानें या सामग्रीवरून भाषा पुन्हां उभी करण्याचें काम हातीं घेतलें, आणि त्यांचीं मुलें आतां तिचे शब्द शिकतात. ब्रेबफ यांस त्या भाषेंत धर्म पेरावयाचा होता. त्यांच्यामागून आलेल्यांच्या वह्यांतून आज लोक धर्माआधीं आपली आजी शोधीत आहेत. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचीहि हकीकत अशीच. तेथें जॉन एलियट या प्रॉटेस्टंट उपदेशकानें १६६३ मध्यें अल्गॉन्कियन भाषेंत सबंध बायबल छापलें होतें. जेसी लिटल डो बेअर्ड या वाम्पानोआग बाईंनीं त्या बायबलावरून व जुन्या दस्तऐवजांवरून, शंभराहून अधिक वर्षें मुकी झालेली भाषा उचलली आणि आपल्या मुलीस पाळण्यापासून तींतच वाढविलें.

मोहॉक भाषा मेली नव्हती, पण क्षीण झाली होती. १९७० नंतर काहनवाके व अक्वेसास्ने येथील आईबापांनींच पुढाकार घेऊन शाळा काढल्या. त्यांत सर्व विषय मोहॉक भाषेंतून. काहनवाकेच्या रस्त्यांवर गाड्या थांबविण्याच्या लाल पाट्यांवर आज ‘टेस्टान’ असें लिहिलेलें असतें. हा शब्द म्हणतांनाहि ओठ मिटत नाहींत. तेथील संत फ्रान्सिस झेवियरच्या देवळांत मोहॉक गायकवृंद मिस्सेंत आपल्या भाषेंतलीं स्तोत्रें गातो, आणि कबरेपाशीं म्हाताऱ्या बायका वारीस हांक मारतात. गांवांत असेहि पुष्कळ आहेत कीं ते देवळांत येत नाहींत; त्यांचें लांब घर वेगळें, तेथें जुन्या रीतीनें पूर्वजांचे विधि होतात. दोन्ही ठिकाणीं भाषा तीच. देवळांत न येणाऱ्यांविषयीं तेथील भाविकांनीं ‘आम्ही’ म्हणावें कीं ‘आपण’, हें त्यांच्या व्याकरणास रोज ठरवावें लागत असेल.

अध्यक्षमहाराजांनीं घड्याळाकडे दोनदां पाहिलें आहे, आणि मुलें मघांपासून पडद्याआड उभीं आहेत. त्यांच्या बाईंनीं आम्हांस सांगितलें कीं, आजचीं गाणीं मुलांनीं आपल्या आजीबायांपाशीं बसून, वाडीच्या बोलींत, शिकून घेतलीं आहेत. दोन शब्दांचा अर्थ बाईंनाहि लागला नाहीं, पण ते तसेच ठेविले आहेत. ते शब्द कानीं पडले आणि अर्थ कोणास ठाऊक असला, तर कार्यक्रमानंतर बाईंस अवश्य सांगावा. आम्ही व्यासपीठ सोडतों.